चौथ्या भागात फुई मरते

अक्का, तुमच्या तेराव्याला गल्लीतल्या बायकांनी तुम्हाला साध्वी करून टाकलं. समोरच्या घरातल्या बेन डोळ्याला पदर लावून सांगत होत्या, "इंदुबेन बहु धार्मिक हतां. रोज दुपारी भावजय पोथी वाचायची आणि त्या काम करता करता ऐकायच्या. एक दिवस खाडा नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "कोणती पोथी हो, टीचर?" मी म्हटलं, "मोठी होती. सहा भाग होते." आणि चहाचे कप गोळा करून आत निघून गेले. आत जाऊन हसायचं होतं. जमलं नाही.

काय सांगणार होते त्यांना? त्या पोथीत सोळा वर्षांची एक पोरगी जीन्सवर तलवार लटकवून शहरभर राक्षस मारत फिरते? तिच्या मागे तीन जण लागलेले असतात आणि त्यातला एक दोनशे वर्षांचा, रक्त पिणारा असतो? आणि या धार्मिक बाईनं दर दुपारी त्या सगळ्यांची अशी सालटी काढली, की मी चाळीस पोरांच्या वह्या तपासतानाही कधी काढली नसतील?

तुमच्याबद्दलचं खोटं मी गप्प बसून ऐकून घेतलं. तुमच्या बाबतीत खोटं चालवून घ्यायची मला सवयच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दलच बोलायचं राहिलं आहे आपलं.

सुरुवात माझ्या तुच्छतेतून झाली, हे आधी कबूल करते. माझी प्रांजल तेव्हा आठवीत होती. गणिताच्या पुस्तकात लपवून ती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचत होती. मी ती जप्त केली. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी, पायघोळ झगा, हातात तलवार, मागे काचेच्या इमारती आणि त्यांच्यावर ताटाएवढा चंद्र. मी इंग्रजी शिकवणारी बाई. माझ्या घरात हे! पोरीला झापायचं तर आधी वाचायला हवं म्हणून वाचायला घेतली, आणि दोन दिवसांत संपली. असली पुस्तकं दोन दिवसांतच संपतात. आपल्या इथल्या खमणसारखी, हात थांबत नाही आणि जेवल्याचं समाधानही नाही.

माझी शाळा सकाळची. दुपारी जेवून मी दोन गल्ल्या ओलांडून तुमच्याकडे यायचे. तुमच्या खोलीत भिंतीपर्यंत साड्यांचे गठ्ठे रचलेले. मशीनवर भरतकाम होऊन आलेल्या साड्यांच्या मागे जे धागे लोंबत असतात, ते छोट्या कातरीनं कापायचं तुमचं काम. मी समोर बसून जमेल तेवढे कापायचे, आणि तुम्ही मी कापलेली साडी परत एकदा कापायचात. त्या दिवशी मी गंमत म्हणून तुम्हाला पुस्तकाची गोष्ट सांगायला लागले. गंमत म्हणजे टिंगलच. दोनशे वर्षांचा तो देखणा, पांढराफटक पोरगा हिच्या वर्गात येऊन बसतो, इथपर्यंत आले आणि तुमची कातर थांबली.

"दोनशे वरीसना मानूस आनि शाळामा जास?" तुम्ही विचारलंत. "नापास व्हयना का?"

अक्का, त्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर सात-आठ लोकांनी स्तुती छापलेली होती. श्वास रोखायला लावणारं, काळजाला हात घालणारं, वगैरे. त्यातल्या एकालाही तुमचा हा प्रश्न पडला नव्हता.

तुमचं बोलणं इथे मी बहुतेक माझ्या मराठीत लिहिते आहे. तुम्ही बोलायचात अहिराणी. नाशिकहून लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा मला तुमचं निम्मं बोलणं कळायचं नाही, आणि जे कळायचं त्याला मी मनातल्या मनात नाक मुरडायचे. चौथी शिकलेली नणंद, लोंबते धागे कापणारी. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला. सुरतेजवळ सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये होता. मूलबाळ नाही. गावाहून धाकट्या भावाला सुरतेत डिंडोलीला आणून तुम्ही शिकवलंत, नोकरीला लावलंत आणि त्याच्यासाठी माझ्यासारखी शिकलेली बायको शोधलीत. या सगळ्याबद्दल मला तुमचा आदर होता. पण आदर असतो तिथे गप्पा असतातच असं नाही. आपल्या गप्पा सुरू झाल्या त्या या भिकार पुस्तकांपासून, लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "पुढचं सांग." मग म्हणालात, "सांगू नको, वाच." मी पुस्तक हातात धरून इंग्रजी ओळीचं तिथल्या तिथे मराठी करायला लागले. नायिकेचं नाव काहीतरी लांबलचक, सेरेनिया वगैरे. तुम्ही तिला सरू केलंत. रक्त पिणाऱ्याचं नाव तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाहीत. तो पांढरतोंड्या.

आणि मग तुमची कातर चालायला लागली. ही सरू पहिल्याच पानावर आरशात बघून म्हणते, मी दिसायला अगदीच साधी. तुम्ही म्हणालात, "मग तीन-तीन जण काय बघायला येतात?" भविष्यवाणीत लिहिलं होतं की सगळ्या जगातून हिचीच निवड झाली आहे. तुम्ही विचारलंत, "कोणी निवडली? हिचं काय काम बघून?" राक्षस म्हणे रोज शहराच्या रस्त्यांवर येतात आणि कुणालाच दिसत नाहीत. "त्या गावात रात्रपाळी नाही का कुणाला? आपल्याकडे येऊन बघ म्हणावं. पाळी सुटली की दहा हजार माणूस रस्त्यावर असतं." परीक्षा कधीच होत नाही, ही तक्रार माझी होती. पण स्वयंपाक कोण करतं, ही तुमची. सहा भागांत सरूनं एकदाही चहासुद्धा केला नाही, हे तुम्ही मोजून ठेवलं होतं. मुखपृष्ठावरच्या झग्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "हे कॉम्प्युटरचं भरतकाम. हलकं. तलवार काढली की अडकणार यात." तलवार खरंच दोनदा अडकली असती, पण लेखिकेच्या ते गावीही नव्हतं.

मधे मी एक देशी पुस्तकमालिका आणून पाहिली होती, बदल म्हणून. दिल्लीतली श्रीमंत शाळा, देवादिकांचे वंशज एका बाकावर, असुरांचे दुसऱ्या. सगळ्यांची नावं अशी की उच्चारताना दात हलावेत. वीस पानं झाल्यावर तुम्ही विचारलंत, "त्यांच्या घरी काम करणारी जी बाई आहे, तिचं नाव काय?" मी शोधलं. नव्हतं. "बाईच म्हटलंय," मी म्हटलं. "मग ठेव ते," तुम्ही म्हणालात, आणि आपण परत सरूकडे आलो. ते पुस्तक मी ग्रंथालयात परत करताना तिथल्या माणसाला म्हटलं, हे रद्दीत घाला. तो हसला. मी गंभीर होते.

सरूकडे परत यायचं कारण एकच होतं. तिची आंट. आईबाप पहिल्या दहा पानांत मारून टाकले होते. या लेखकांना आईबाप परवडत नाहीत, पोरीला घराबाहेर पडू देणार नाहीत ना! तिला सांभाळते ती आंट. जुन्या पेठेत लॉन्ड्री चालवणारी, हातांना सोड्यामुळे भेगा पडलेली, कमी बोलणारी. तिच्याच तळघरात राक्षसांच्या जगाचा दरवाजा.

"आंट म्हणजे?" तुम्ही विचारलंत. "फुई शे का मावशी?"

इंग्रजीत ते कळायला मार्ग नव्हता. त्या भाषेत सगळ्या एकाच पोत्यात. मी तुमच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "फुई." प्रांजल तुम्हाला आत्या न म्हणता फुई म्हणते, म्हणून. तेवढं एकच आपल्या मनचं घातलं. तेव्हा वाटलं, काय बिघडतंय?

त्या दिवसापासून तुम्हाला त्या पुस्तकात आपलं माणूस मिळालं. सरू राक्षस मारून, कपडे रक्तात बरबटून घरी आली की तुम्ही विचारायचात, "आता ते डाग फुई काढणार, ना? आणि ही वर जाऊन पांढरतोंड्याला चिठ्ठी लिहिणार." गिऱ्हाइकाचे ओले कपडे तसेच टाकून फुई सरूला वाचवायला धावते, तेव्हा तुम्ही लढाईबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. कपड्यांना वास लागला असेल, एवढंच म्हणालात.

आता तुम्ही नाही म्हणून लिहिते. तुमची नि माझी तुच्छता एक नव्हती. मला ती पुस्तकं हलकी वाटायची आणि ती वाचणारी माणसंही. तुम्ही मात्र सरूवर अशा चिडायचात, जशा शेजारच्या घरातल्या आळशी पोरीवर चिडाल. तुमच्या लेखी ते सगळं घडलेलं होतं, आणि घडलेल्याचा जाब विचारता येतो. हे मला कळलं ते हजिऱ्याच्या निबंधामुळे.

माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीनं 'माझी आवडती जागा' या विषयावर लिहिलं होतं की हजिऱ्याच्या गॅस कारखान्याच्या चिमणीवर जी आग दिसते, तिथे एक राक्षस बांधलेला आहे, आणि माझे पप्पा पाळीला जाऊन त्याला खायला घालतात. मी तो निबंध स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. मी लाल पेननं खाली लिहिलं, 'विषय सोडून लिहू नये.' दुपारी तुम्हालाही तो किस्सा रंगवून सांगितला.

तुम्ही हसला नाहीत. "तिचा बाप तिथं कामाला आहे?"

"हो. गॅसच्या प्लांटमध्ये कंत्राटी."

"मंग पुढे काय लिखं तिनी?"

पुढे मी वाचलंच नव्हतं. पहिल्या परिच्छेदावर हशा झाला आणि मी वही मिटली होती.

"बाप रोज परत येतो का, ते लिहिलं असेल," तुम्ही म्हणालात. "ते वाचायचं होतं." मग साडी उलटी करत, "संध्या, तू त्या पुस्तकांना हसत नाहीस. तू पोरींना हसतेस."

मी उसळले. म्हटलं, वीस वर्षं शिकवलं म्हणजे चांगलं-वाईट कळतं मला. ही पुस्तकं पोरांची चव बिघडवतात, भाषा बिघडवतात, जग म्हणजे आपल्याभोवती फिरणारा भोवरा वाटायला लागतो त्यांना. तुम्ही म्हणालात, पोरींना त्या वयात तसंच वाटतं, पुस्तक असो वा नसो. मी म्हटलं, मग त्यात तेल कशाला ओतायचं? हा वाद आपण चार वर्षं घातला. अजूनही मला वाटतं की मी बरोबर होते. त्या मुलीला मात्र मी नंतर वही मागितली. ती म्हणाली, "मॅडम, ते पान मी फाडलं." पुढे काय होतं ते तिनं सांगितलं नाही. तुम्हाला मी खोटंच सांगितलं, की वही सापडत नाही म्हणे. ते माझं तुमच्याशी पहिलं खोटं. दुसरं फार मोठं होतं.

मागच्या दिवाळीनंतर तुमचं पोट दुखायला लागलं, जेवण तुटलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला तुमचा भाऊ आणि मी गेलो होतो. डॉक्टरांनी सगळं नीट, शांतपणे सांगितलं, आणि पेशंटला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. जिन्यात तुमचा भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला. "अक्काले सांगानं नही," तो म्हणाला. "ती खचेल. अल्सर म्हणू." मी हो म्हटलं. इतकी वर्षं एकटीनं घर ओढलेली बाई एका शब्दानं खचेल, यावर आम्हा दोघांचा विश्वास बसला. आम्ही शिकलेले होतो ना!

त्याच आठवड्यात आपण चौथा भाग वाचत होतो. मी एक प्रकरण आधी घरी वाचून ठेवायचे. एकतिसाव्या प्रकरणात फुई मरते. तळघराचा दरवाजा बंद करताना, सरूला ढकलून बाहेर काढते आणि स्वतः आत राहते.

मला ते वाचता येईना, अक्का. फुई केली होती मीच. इंग्रजीत ती नुसती आंट होती, मेली असती तर मेली असती. पण आता तुमच्या समोर बसून, तुमच्या सुकत चाललेल्या हातांकडे बघत मी 'फुई मरते' कसं म्हणणार होते? मी पुस्तकात बघत बघत एक नवंच प्रकरण रचलं. दरवाजा बंद झाला, फुई वाचली, आणि बहिणीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. सरू म्हणाली, जा, आराम कर.

तुम्ही कातर खाली ठेवलीत. "लॉन्ड्री कोणाकडे सोपवली?"

"असेल कोणीतरी."

"लोकांचे कपडे धुवायचे पडलेत आणि ती आराम करायला गेली?"

"लेखिकेचं लक्षच नाही या गोष्टींकडे," मी म्हटलं. सगळं खापर तिच्यावर फोडलं. बिचारीनं आयुष्यात एक बरं प्रकरण लिहिलं होतं, तेही मी तिच्याकडून काढून घेतलं.

पाचव्या भागात तुम्ही सतत विचारत राहिलात, फुईचं काय? मी तिची पत्रं रचली. सरूला पत्र येतं, फुई बरी आहे, तिथे हवा चांगली आहे. मी ज्या पुस्तकांना थापा म्हणून हिणवायचे, त्यांच्याहून वाईट थापा मी मारत होते आणि माझी भाषाही त्यांच्याइतकीच गुळगुळीत झाली होती. तुम्ही ऐकून घ्यायचात. एक दिवस प्रांजल तुमच्याकडे डबा द्यायला आली, तेव्हा तुम्ही तिला सरूच्या फुईचं सहज विचारलंत. तिला कुठे काय माहीत! ती म्हणाली, "फुई, ती तर चौथ्या भागातच मेली."

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा साडी पुढ्यात नव्हती. तुम्ही नुसत्या बसला होता.

"तू माले येडी समजस का?" तुम्ही म्हणालात. आवाज चढलेला नव्हता.

मी म्हटलं, "अक्का, ते प्रकरण फार वाईट लिहिलं होतं, म्हणून..."

"वाईट तर सगळंच लिहिलंय. चार वर्षांत तू एकही वाईट पान सोडलं नाहीस. चवीनं वाचून दाखवलंस. मग हेच का सोडलं? ती फुई मेलेली तुला मला ऐकवता येईना. म्हणजे माझ्या पोटात अल्सर नाही."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं वाचन ते होतं. मी सांगितलं तुम्हाला. जेवढं डॉक्टर बोलले होते तेवढं, काही न गाळता. तुम्ही मधे दोन प्रश्न विचारलेत. किती दिवस, आणि दुखेल का. मग म्हणालात, "त्याला बोलाव."

तुमचा भाऊ आला. पन्नाशीचा माणूस दारात असा उभा राहिला, जणू शाळेतून तक्रार आली आहे. "मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं, आणि तू मला अल्सर सांगतोस?" एवढंच म्हणालात. तो तुमच्या पायाशी बसून रडला आणि तुम्ही त्याला रडू दिलंत. मग तुम्ही यादी सांगितलीत. मुंबईला न्यायचं नाही. साड्यांचं काम बंद. आणि थंडी आहे तोवर गावी जाऊन यायचं, प्रांजलला घेऊन. आठ दिवस तुम्ही दोघी अमळनेरजवळच्या त्या गावी राहिलात. तिथे काय केलंत, कुणाकुणाला भेटलात, हे दोघींनीही मला कधी सांगितलं नाही. आमची थाप टिकली असती तर ते आठ दिवस गेले असते. हे मी कुणाला सांगत नाही, पण दिवसातून एकदा मनात येतं.

माझ्याशी मात्र तुम्ही पंधरा दिवस नीट बोलला नाहीत. मी यायचे, औषधं द्यायचे, निघायचे. मग एका दुपारी म्हणालात, "ते प्रकरण आण. आता आहे तसं वाच."

मी आणलं. वाचलं. फुई दरवाज्याला पाठ लावून उभी राहते, छातीत राक्षसाचा सुळा घुसलेला, आणि मरता मरता अडीच पानं भाषण करते. तू प्रकाश आहेस, तुझ्या आईला तुझा अभिमान वाटला असता, प्रेम हीच खरी तलवार. माझा आवाज दोनदा फुटला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत.

"छातीत सुळा गेलाय ना?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"मग इतकं बोलायला दम कुठून आणला? मला नुसतं दूध मागायचं म्हटलं तरी धाप लागते." मग म्हणालात, "लॉन्ड्रीचं एक अक्षर नाही बोलली. मरतानाही सरूच, सरूच." तुम्ही इतक्या चिडला होता की मला हसू आलं, आणि मग तुम्हालाही. ते आपलं शेवटचं एकत्र हसणं. खोकल्यानं ते लवकरच थांबलं.

सहावा भाग आपण दवाखान्यात वाचला. तुम्ही बहुतेक वेळ डोळे मिटून असायचात. शेवटच्या शंभर पानांत ते प्रकरण होतं जे आधी घरी वाचून मी पुस्तक भिंतीवर फेकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. फुई परत येते. या पुस्तकांत कुणी मेलेलं राहतच नाही. वाचकाला दोन भाग रडवायचं आणि मग माणूस उजेडात न्हाऊन परत आणायचं. माझ्या मते यासारखी दुसरी फसवणूक नाही. ज्यांच्या घरचं माणूस खरोखर जातं, त्यांच्या तोंडावर मारलेली थप्पड आहे ती. फुई पांढऱ्या प्रकाशात येते, सरूच्या केसांवरून हात फिरवते, तिला किल्ली देते आणि विरून जाते.

मी ती दोन पानं उलटली. तुम्हाला झोप लागली आहे असं वाटलं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे तुमच्या पलंगाशी बसून मेलेल्या फुईला परत आणणं मला जमणार नव्हतं. तेव्हा ती मारता आली नाही, आता जिवंत करता येईना. मी पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागले. सरू किल्ली लावते, दरवाजा उघडतो.

तुम्ही डोळे उघडले नाहीत. "किल्ली कोनी दिधी?" तुम्ही विचारलंत.

मी मागे गेले. दोन्ही पानं वाचली, प्रकाशासकट, केसांवरच्या हातासकट. वाचून झाल्यावर वाट बघितली. सलाइनच्या नळीकडे बघत राहिले.

"फेकी राहिनी," तुम्ही म्हणालात. थापा मारतेय. लेखिकेला म्हणालात, त्या फुईला म्हणालात की मला, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. चाळीसेक पानं उरली होती.

तुमची माफी मी नीट मागितली नाही. मागितली असती तर तुम्ही म्हणाला असतात, भाषण करू नको. ती राहिली आहे. आभारही राहिले आहेत. तेही सरूच्या फुईसारखे अडीच पानांचे होतील म्हणून लिहीत नाही. वर्गात आता मी वही शेवटपर्यंत वाचते, एवढं सांगते. त्यातलं बरंचसं अजूनही कचराच असतं.

उरलेली चाळीस पानं मी तेराव्यानंतर वाचली. शेवट वाईट आहे, अक्का. तुमचं काही हुकलेलं नाही. लढाई अर्ध्या पानात उरकली आहे आणि लग्नाचं वर्णन नऊ पानं. मी प्रांजलला तसं म्हटलं. चार वर्षांपूर्वी तिच्या हातून पुस्तक ओढून घेतल्यापासून मी या विषयावर तिच्याशी धड बोललेच नव्हते. जे बोलायचं ते तुमच्याशी. ती आता बारावीत आहे. माझ्याकडे तिनं असं पाहिलं, की मी चपापले.

"मम्मी, शेवट चांगला आहे. तू नीट वाचलंच नाहीस."

"वीस वर्षं शिकवतेय मी."

"फुईला विचारलं असतंस तर तिनंही सांगितलं असतं."

"फुईनं तर याची चटणी केली असती."

"केली असती," ती म्हणाली. "पण आधी पूर्ण ऐकलं असतं."

काल दोन तास भांडलो आम्ही. तुमचा भाऊ मधे येऊन टीव्हीचा आवाज मोठा करून गेला. पोरगी हटत नाही. तिचे मुद्दे कच्चे आहेत, उदाहरणं चुकीची आहेत, रागाच्या भरात निम्मं गुजरातीत बोलते, आणि तिची चव खरोखरच बिघडलेली आहे. आज ती क्लासवरून आली की आम्ही पान पान घेऊन बसणार आहोत. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.